पहिला घास

२०२०च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा टाळेबंदीत घरी बसलेल्या महाराष्ट्राने ते फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. पाण्याचे नमुने तपासणाऱ्यांत पुण्याची आघारकर संशोधन संस्था होती. उन्हाने पाणी आटले, खारेपणा वाढला, हॅलोआर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव बेसुमार वाढले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले, असे निदान निघाले. पावसाने पाणी पातळ झाल्यावर रंग ओसरला आणि बातमीही विरली. मला त्या बातमीतले संस्थेचे नाव फार मोलाचे वाटते. ज्यांचे ते नाव, त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या गोड्या पाण्यात एक जेलीफिश शोधला होता.

आघारकर मालवणचे, जन्म १८ नोव्हेंबर १८८४चा. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, बर्लिनला डॉक्टरेट मिळवली, पहिल्या महायुद्धात जर्मनीत स्थानबद्ध राहिले, आणि १९४६मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी उभी करण्यात पुढे होते. तिच्याच संशोधन संस्थेला १९९२मध्ये त्यांचे नाव मिळाले. पण हे सगळे घडण्याआधी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना, ते सह्याद्री पालथा घालत होते. सातारा भागात कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांच्या पाण्यात त्यांना छोटे, पारदर्शक, छत्रीच्या आकाराचे जीव पोहताना सापडले. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले नेल्सन अ‍ॅनान्डेल यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन केले आणि लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. या प्रजातीचे भाईबंद तोवर फक्त आफ्रिकेत, टांगानिकासारख्या सरोवरांत, माहीत होते. मधला सगळा समुद्र ओलांडून ते कृष्णेच्या खोऱ्यात कसे, हा प्रश्न तेव्हाच्या प्राणिशास्त्रज्ञांना चांगलाच भिडला.

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. नदीत दिसलेला जेलीफिश हा पूर्ण वाढलेला जेलीफिश असतो. त्याआधी तो टाचणीच्या टोकाएवढा असतो, आणि त्या दिवसांत तो काय खातो, कोण त्याला खाते, किती वेगाने वाढतो, यावर पुढचे सगळे ठरते. डोळ्यांना दिसतो तो निकाल. परीक्षा त्याआधीच झालेली असते. ही परीक्षा समजून घ्यायला समुद्राकडे जावे लागेल, कारण जेलीसारख्या प्राण्यांच्या पिलांचे खाणे आणि वाढ यांचा फार बारीक अभ्यास कॉम्ब जेली या समुद्री प्राण्यावर झाला आहे. तिथून शिकलेले घेऊन आपण परत लोणारच्या बुलढाणा जिल्ह्यात, तिथल्या शेततळ्यांवर येऊ.

कॉम्ब जेलीला जेलीफिश समजण्याची चूक बहुतेकांकडून होते. दोघेही पारदर्शक आणि मऊ, दोघांच्या अंगात पंचाण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच. पण प्राणिसृष्टीच्या वंशावळीत हे दोन वेगळे संघ आहेत. जेलीफिश डंख मारतो. कॉम्ब जेलीच्या अंगावर डंखपेशी नसतात. तिच्या शरीरावर वरून खाली अशा आठ रांगा असतात आणि प्रत्येक रांगेत सूक्ष्म रोमांचे जुडगे कंगव्याच्या दात्यांसारखे ओळीने बसलेले असतात. हे रोम एकामागून एक हलतात आणि प्राणी पुढे सरकतो. त्यांच्यावर प्रकाश पडला की इंद्रधनुष्याचे रंग धावताना दिसतात. रोमांच्या साहाय्याने पोहणाऱ्या प्राण्यांत इतके मोठे दुसरे कोणी नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पकडण्याच्या जाळ्यात प्ल्युरोब्रॅकिया आणि बेरोई या दोन कॉम्ब जेली येतात. पण जाळ्याच्या ओढीने त्यांतल्या नाजूक जातींचा चोथा होतो आणि फॉर्मॅलिनमध्ये त्या विरघळून जातात. त्यामुळे बाटलीत नमुना जपणाऱ्या शास्त्राला हा प्राणी फार काळ नीट मोजताच आला नाही. त्यांची पिले वाढवून पाहायची तर आणखी अडचण. टाकीच्या काचेला नुसते घासले तरी ती फाटतात. जर्मनीच्या हेल्गोलांड बेटावर वुल्फ ग्रेवे यांनी १९६०च्या दशकात गोल टाकीत पाणी हळुवार फिरते ठेवून हा प्रश्न सोडवला. पिल्लू काचेला लागत नाही, तळालाही बसत नाही, फिरत राहते. आज जगभरच्या मत्स्यालयांत जेलीफिश दिसतात ते अशाच टाक्यांमध्ये.

निमिऑप्सिस लेडी ही कॉम्ब जेलींतली सर्वांत जास्त अभ्यासलेली जात. मूळची अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याची. एकाच अंगात अंडी आणि शुक्रजंतू दोन्ही तयार होतात आणि एकटा प्राणीही स्वतःची अंडी फळवू शकतो. अंधार पडल्यावर काही तासांनी ती अंडी पाण्यात सोडते. मोठा, पोट भरलेला प्राणी एका रात्रीत हजारो. साधारण एका दिवसात अंड्यातून पिल्लू बाहेर येते. ते अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते आणि आईसारखे अजिबात दिसत नाही. आईला दोन रुंद पाळ्या असतात. पिल्लू गोलसर असते आणि त्याच्या दोन बाजूंना आत ओढून घेता येणारे दोन लांब तंतू असतात. या तंतूंवर चिकट पेशी असतात. त्यांना भक्ष्याचा स्पर्श झाला की त्या फुटतात आणि डिंक सुटतो. डंख नाही, विष नाही. भक्ष्य चिकटते, तंतू आखडतो, तोंडाकडे येतो.

आता या पिलाला खायला काय मिळावे? समुद्रात कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी प्राणी असतात. मोठ्या कॉम्ब जेलीचे ते मुख्य अन्न. म्हणून आधी अनेकांनी गृहीत धरले की पिल्लूही तेच खात असणार, थोडे लहान आकाराचे. मायामीच्या संशोधकांनी १९८१मध्ये निमिऑप्सिसच्या याच पहिल्या अवस्थांचे अन्न, वाढ आणि इजा यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला इजेचा भाग मला फार शिकवून गेला. पिलाच्या तंतूला मोठा कोपेपॉड चिकटतो खरा, पण तो हार मानत नाही. तो उड्या मारतो, झटके देतो, आणि कोळ्याच्या जाळ्यात सापडलेल्या भुंग्याने जाळेच फाडून न्यावे तसे तंतूच तोडून नेतो. अंगालाही जखम होते. अन्न भरपूर आहे, पण तेच अन्न पिलाला मोडून टाकते. मोठ्या प्राण्याचा मेजवानीचा पदार्थ पिलाच्या जिवावर उठू शकतो, ही गोष्ट समुद्रात जितकी खरी तितकीच शेततळ्यात खरी आहे. पुढे ती पुन्हा भेटेल.

म्हणून पहिल्या दिवसांचा आहार वेगळा. त्यात एकपेशीय रोमक जीव असतात, तरंगणारी डायनोफ्लॅजेलेट असतात, डायटम असतात आणि कोपेपॉडची नुकती जन्मलेली पिले असतात. अन्न तीन कसोट्यांना उतरावे लागते. ते तोंडात मावले पाहिजे, त्याचा प्रतिकार पेलला पाहिजे, आणि ते इतके दाट असले पाहिजे की तंतू रिकामे राहणार नाहीत. तिसरी गोष्ट सहज नजरेआड होते. इतक्या लहान अंगात साठा करायला जागाच नसते. मोठी जेली उपाशी राहिली तर अंग आकसून घेऊन दिवस काढते, पिलाला ती सवलत फार थोडी मिळते. तुटलेले तंतू परत उगवतात, आणि कॉम्ब जेलीची ही भरून येण्याची शक्ती विलक्षण आहे. पण तंतू उगवेपर्यंत खाणे थांबते आणि वाढही थांबते.

अन्न जुळले तर मात्र वाढीचा वेग थक्क करतो. सुरुवातीच्या अवस्थेत एक-दोन दिवसांत वजन दुप्पट होऊ शकते. साधारण पाच मिलिमीटरच्या पुढे पिलाच्या तोंडाशेजारी पाळ्या फुटू लागतात आणि मग काही दिवस दोन्ही पद्धती सोबत चालतात: तंतूंनी चिकटवून पकडणे आणि पाळ्यांमधून पाणी वाहवून गाळणे. पुढे लांब तंतू मागे पडतात. मोठ्या निमिऑप्सिसचे रोम पाण्याचा इतका संथ प्रवाह तयार करतात की, पाण्यातली किंचित हालचाल ओळखून उडी मारणाऱ्या कोपेपॉडलाही आपण वाहत चाललो आहोत हे कळत नाही. २०१०मध्ये ही चोरटी शिकार संशोधकांनी नीट मोजून दाखवली. ज्या कोपेपॉडने पिलाचा तंतू तोडला असता, तोच आता न झगडता आत जातो. कोपेपॉड तेवढाच आहे, तेवढाच चपळ आहे. खाणाऱ्याने पद्धत बदलली. उबदार पाण्यात, भरल्या पोटी, अंड्यापासून अंडी देणाऱ्या प्राण्यापर्यंतचा हा सगळा प्रवास दोनेक आठवड्यांत पुरा होऊ शकतो.

बेरोई या दुसऱ्या कॉम्ब जेलीचे बालपण अगदी उलट. तिला कोणत्याच वयात तंतू नसतात. ती जन्मतःच मोठ्या तोंडाची पिशवी असते आणि इतर कॉम्ब जेली हेच तिचे अन्न. तिच्या ओठांच्या आत कडक, दातांचे काम करणारे रोम असतात. लहानपणीही ती आपल्याहून मोठ्या जेलीचा लचका तोडू शकते. तिचा पदार्थ बदलत नाही, फक्त घास मोठा होत जातो. एकाच संघात वाढीचे हे दोन इतके वेगळे मार्ग असावेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

आणि कधी कधी वाढ पुरी होण्याचीही वाट पाहिली जात नाही. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल खून यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेपल्सच्या उपसागरातील कॉम्ब जेलींत एक विचित्र गोष्ट दिसली. तंतू असलेली, अजून पिल्लूच असलेली जेली अंडी देत होती; मग जननेंद्रिये आक्रसत, प्राणी वाढत, मोठा होऊन पुन्हा अंडी देत असे. हे निरीक्षण पुस्तकांत कोपऱ्यात पडून राहिले. २०१२मध्ये बाल्टिक समुद्रावरचा एक अभ्यास आला. बाल्टिकच्या मध्यभागी मेर्टेन्सिया नावाच्या कॉम्ब जेलीची सगळी पिढी पिलांच्याच अंड्यांतून पुढे चालते आहे, मोठे प्राणी तिथे जवळपास नाहीतच, असे त्यात दिसले. दोन मिलिमीटरसुद्धा न भरणारी ती बाळे तिथली आईबाप होती. अन्न कमी, शत्रू जास्त, मोठे होण्याचा भरवसा नाही, अशा जागी लवकर अंडी देणे फायद्याचे ठरत असावे.

भूक वाढीला उलटेही फिरवते. नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातील होआन सोटो-आंखेल आणि पावेल बुर्खार्ट यांनी २०२४मध्ये दाखवले की पाळ्या असलेली मोठी निमिऑप्सिस उपासमार आणि जखम यांच्या ताणाखाली आकसत जाऊन पुन्हा तंतूवाल्या पिलाच्या रूपात येऊ शकते, आणि त्या रूपात पिलासारखी शिकारही करते. प्राणी वयाने पुढेच जातो ही आपली समजूत इथे डळमळते. बाल्टिकच्याच कील फ्योर्डमध्ये २०२०च्या एका अभ्यासात याहून कठोर दृश्य दिसले: उन्हाळा सरताना भक्ष्य संपले की मोठ्या निमिऑप्सिस स्वतःचीच पिले खातात. उन्हाळ्यात पाण्यातले सगळे अन्न पिलांच्या रूपात साठवायचे आणि टंचाईत तो साठा वापरायचा. आपल्याला ते क्रूर वाटते. पण उत्तरेकडच्या लांब हिवाळ्यात तिला तगून राहायला तेच उपयोगी पडते.

हे सगळे प्रयोगशाळेचे कुतूहल म्हणून राहिले असते, तर मी त्यावर इतकी पाने खर्चली नसती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला निमिऑप्सिस मालवाहू जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून काळ्या समुद्रात पोहोचली. तिथे तिला खाणारे कोणी नव्हते. १९८९च्या सुमारास तिची संख्या कळसाला गेली आणि तुर्कस्तानच्या कोळ्यांचा जीव की प्राण असलेल्या हमसी माशाचे उत्पादन कोसळले. आधीची बेसुमार मासेमारी आणि नद्यांतून आलेले खतांचे पाणी हेही त्याला कारण होते. सगळा दोष एका जेलीवर टाकता येत नाही. पण तिने माशांची अंडी आणि पिले खाल्ली, आणि माशांच्या पिलांना लागणारे सूक्ष्म प्लवकही खाल्ले. म्हणजे मासा मारला गेला तो त्याच्या पहिल्या घासाच्या वयात. १९९७मध्ये बेरोई तिथे आली आणि निमिऑप्सिसला खाऊ लागली, तेव्हा समुद्राला थोडा श्वास मिळाला. दरम्यान १९९९मध्ये निमिऑप्सिस कॅस्पियन समुद्रातही जाऊन पोहोचली.

गोड्या पाण्यातला जेलीफिश या सगळ्याहून वेगळ्या वाटेने मोठा होतो. लिम्नोक्निडाचा जवळचा नातेवाईक क्रास्पेडाकुस्टा याच्यावर जास्त माहिती जमली आहे. १८८० साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये, व्हिक्टोरिया नावाच्या प्रचंड पाणकमळासाठी बांधलेल्या टाकीत तो प्रथम लोकांच्या लक्षात आला. मूळचा तो चीनच्या यांगत्से खोऱ्याचा, आणि आता अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत पसरला आहे. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग पॉलिप या रूपात जातो. हा पॉलिप जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर, दगडाला किंवा बुडालेल्या काटकीला चिकटलेला. त्याला तंतूच नसतात. तोंडाभोवती डंखपेशींचा पट्टा असतो, आणि अंगाशी येऊन धडकेल त्यालाच तो खातो: रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी, बारीक गोलकृमी, क्वचित स्वतःहून मोठा कृमीसुद्धा. पाठलाग नाही, गळ नाही. फक्त वाट पाहणे. अन्न मिळाले तर तो शेजारी दुसरा पॉलिप तयार करतो किंवा अंगाचा लहानसा तुकडा सोडून देतो. तो तुकडा सरपटत जाऊन दुसरीकडे बसतो. थंडी पडली किंवा पाणी आटले तर तो कठीण आवरणात गोळा होऊन वाट पाहतो. उन्हाळ्यात पाणी तापले, अन्न मुबलक झाले, की त्याच्या अंगावर कळी येते आणि ती सुटून छोटी छत्री पोहू लागते. सुटताना तिला आठच तंतू असतात. पुढच्या काही आठवड्यांत ती वीस-पंचवीस मिलिमीटरची होते आणि तंतू कित्येक शेकड्यांवर जातात. आहारही बदलतो, रोटिफरवरून ती पाणपिसू आणि कोपेपॉडवर येते. मग ती माणसाच्या नजरेला पडते, गावात चर्चा होते, आणि दोन महिन्यांत ती नाहीशी होते. लोक म्हणतात, जेलीफिश आला आणि गेला. तो कुठेच गेलेला नसतो. दगडावर बसलेला असतो.

म्हणून एखाद्या नदीत जेलीफिश नाही असे म्हणताना जपून बोलावे. बुलढाणा जिल्ह्यातल्या नद्या दोन दिशांना वाहतात. नळगंगा पूर्णेला मिळून तापीकडे जाते. पैनगंगा आणि खडकपूर्णा गोदावरीच्या खोऱ्यात. नळगंगा, पेनटाकळी, येळगाव, खडकपूर्णा अशा धरणांत वर्षभर साठलेले, उन्हाळ्यात तापणारे, प्लवकाने भरलेले पाणी आहे, आणि पॉलिपला बसायला दगडांची काही कमतरता नाही. कॉलेजांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एप्रिल-मे महिन्यांत शांत कोपऱ्यांतले पाणी गाळून पाहावे, पाण्यातले दगड भिंगाखाली धरावेत, असे मला मनापासून वाटते. आघारकरांनाही सातारा भागातला जेलीफिश असाच नदीचे पाणी पाहताना सापडला होता.

लोणारच्या पाण्यात मात्र असे काही शोधण्यात अर्थ नाही, आणि त्याचे कारणही बालपणाशीच येऊन पोहोचते. बेसाल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेल्या त्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात अन्नाचा तुटवडा कधीच नव्हता. स्पिरुलिना नावाने लोकांना माहीत असलेले निळे-हिरवे जीवाणू तिथे इतके वाढतात की पाणी हिरवे दिसते. अडचण पाण्याच्या रसायनात आहे. लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास राहत आलेला आहे. बहुतेक जलचर शरीरातला टाकाऊ अमोनिया अंगाच्या पातळ त्वचेतून किंवा कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतात. पाण्याचा सामू सव्वानऊच्या वर गेला की अमोनियाचा अर्ध्याहून जास्त भाग विषारी, पडद्यातून आरपार जाणाऱ्या रूपात राहतो आणि तो शरीराबाहेर पडणेच अवघड होते. मोठ्या प्राण्याकडे यावर काही उपाय असू शकतो. केनियाच्या मगाडी सरोवरातला एक तिलापिया मासा अमोनियाऐवजी युरिया बाहेर टाकून असल्याच पाण्यात जगतो. पण माशांत असे उदाहरण विरळा. नुकत्याच जन्मलेल्या, अवयव पुरते न बनलेल्या पिलाला असले पाणी सहसा सोसत नाही. चहूबाजूंनी अन्न असूनही त्याला ते खायला वेळच मिळत नाही. हिरव्या पाण्यातले ते अन्न पंखांनी दूरवरून आलेले फ्लेमिंगो खाऊन जातात. पिले वाढवायला ते दुसरीकडे जातात. विवराच्या कडेने धार, सीतान्हाणी असे गोड्या पाण्याचे झरे आहेत. गोडे पाणी जिथे खाऱ्यात मिसळते तिथला जीवसंभार मधल्या पाण्याहून वेगळा असतो, आणि खारेपणा बदलला की ही सीमा सरकते. लोणारला २०२०च्या नोव्हेंबरमध्ये रामसर पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा बहुतेक चर्चा पक्षी आणि मंदिरांची झाली. मला त्या सरकत्या सीमेवर कोणकोणते पिल्लू कोणत्या महिन्यात जगते याची वर्षानुवर्षांची नोंद पाहायला फार आवडेल.

आता शेततळे. महाराष्ट्रात २०१६पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेने तळी वाढली, आणि बुलढाण्यातही प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यांत पाण्याबरोबर मासा घ्यायचा विचार शेतकरी करू लागले. कटला, रोहू, मृगळ या कार्प माशांचे बी वाढवताना मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली अशा तीन पायऱ्या असतात. जिरे म्हणजे अंड्यातून बाहेर पडून पोटातला पिवळा साठा नुकता संपवलेले पिल्लू, सहा-सात मिलिमीटरचे. त्याची अवस्था कॉम्ब जेलीच्या पिलाहून वेगळी नाही. साठा संपलेला आहे, तोंड उघडले आहे, आणि बाहेरचे अन्न आत्ता मिळाले नाही तर उद्या उपयोग नाही. त्याला हवे रोटिफर, मग थोडे मोठे झाल्यावर पाणपिसू. संगोपन तळ्यात जिरे सोडण्याच्या पंधराएक दिवस आधी हेक्टरी सुमारे दहा हजार किलो कच्चे शेण टाकतात ते याच अन्नासाठी. शेणातून जीवाणू, त्यांवर रोमक जीव आणि रोटिफर, त्यांच्या मागोमाग पाणपिसू: तळ्यात काही दिवसांच्या अंतराने एकामागून एक हंगाम येतात. जिरे रोटिफरच्या हंगामात पडले पाहिजे.

उशीर झाला तर पाण्यात सायक्लॉप्स वाढतात. सायक्लॉप्स हाही कोपेपॉडच. मोठ्या माशाला तो उत्तम खाद्य. पण जिऱ्याच्या पंखांना आणि पोटाला तो चिकटतो, चावतो, आणि पिले तळाशी मरून पडतात. मायामीच्या टाकीतल्या जेलीच्या पिलाचे जे झाले तेच इथे, फक्त बाजू उलटून: तिथे शिकार झगडून निसटत होती, इथे ती हल्ला करते. चतुरांच्या अळ्या जिऱ्याला पकडून खातात, आणि उलटे पोहणारे नोटोनेक्टा किडे तर सरळ त्याला धरून शोषतात. नोटोनेक्टासारख्या किड्यांसाठी जिरे सोडण्याच्या बारा ते चोवीस तास आधी तळ्याच्या पृष्ठभागावर तेल आणि साबण यांचे मिश्रण पसरवतात. हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण हे जुने, चालत आलेले प्रमाण आहे. श्वासासाठी वर येणाऱ्या किड्यांची हवा बंद होते. सायक्लॉप्सला मात्र या तेलाने काहीच होत नाही, कारण तो हवेसाठी वर येत नाही. त्याच्यावर साधा उपाय, वेळ साधणे.

तळ्यात अन्न पुरेसे आहे का हे पाहण्याची पद्धत साधी आहे. तळ्याच्या वेगवेगळ्या जागांहून पन्नास लिटर पाणी प्लवकाच्या बारीक जाळीतून गाळायचे, जाळीच्या टोकाच्या नळीत जमलेला गाळ स्थिर होऊ द्यायचा, आणि तो एक ते दोन मिलिलिटर भरला तर तळे जिऱ्यासाठी तयार मानायचे. बहुतेक जण इथेच थांबतात. त्या दोन मिलिलिटरमधला थेंब काचेवर घेऊन भिंगाखाली धरला, तर आणखी काही कळते. हळूहळू फिरणारे, चकतीसारखे तोंड असलेले रोटिफर जास्त दिसले, तर जिरे त्याच संध्याकाळी, पाणी गार झाल्यावर, पिशवीचे आणि तळ्याचे तापमान जुळवून सोडावे. झटक्यांनी उड्या मारणारे, एकच डोळा असलेले, शेपटीकडे अंड्यांच्या दोन पिशव्या वाहणारे जीव जास्त दिसले, तर नळी तेवढीच भरलेली असली तरी जिरे सोडू नये. तळे रिकामे करून, वाळवून, नव्याने शेण टाकावे आणि या वेळी सातव्या-आठव्या दिवसापासूनच रोज थेंब पाहायला लागावे.